नव्वद दिवसांत सरळ

आमच्या ग्राहक मार्गदर्शन केंद्राच्या अर्जात तीनच रकाने आहेत. काय कबूल केलं होतं, प्रत्यक्षात काय मिळालं आणि पुरावा. चौथा रकाना नाही. केंद्राचे संस्थापक आप्पासाहेब म्हणतात, चौथा रकाना दिला की माणसं त्यात रडतात. आप्पासाहेब चौऱ्याऐंशी वर्षांचे आहेत. गिझर, लिफ्ट, मिक्सर, मंगल कार्यालयातला आंबलेला मठ्ठा अशा सगळ्या विषयांवर त्यांनी लोकांना न्याय मिळवून दिला आहे, तोही या तीन रकान्यांतच.

बुधवारी आणि शनिवारी चार ते सहा, सदाशिव पेठेत एका वाचनालयाच्या मागच्या खोलीत आम्ही बसतो. आम्ही म्हणजे आप्पासाहेब आणि मी, सुनीती. टेलिफोन खात्यात तेहेतीस वर्षं पगार घेऊन लोकांच्या तक्रारी ऐकल्या, आता फुकट ऐकते. मला लोक तापट म्हणतात. मी तापट नाही, मला फक्त फसवणारा माणूस आणि फसल्यावर गप्प बसणारा माणूस, या दोघांचाही सारखाच राग येतो.

मार्चमधल्या एका शनिवारी बरोबर चारला एक गृहस्थ आले. साठी ओलांडलेले, पांढरा कडक इस्त्रीचा शर्ट, खिशाला दोन पेनं, हातात बंद पाकीट. दारातच थांबून त्यांनी खोलीत नजर फिरवली.

"कोणी पुरुष कार्यकर्ते नाहीत का?"

"आहेत की," मी म्हटलं. "हे आप्पासाहेब. पण त्यांना कमी ऐकू येतं. ओरडून सांगावं लागेल."

गृहस्थांनी मागे वळून पाहिलं. मधलं दार उघडंच असतं आणि पलीकडे वाचनालयात दहा-बारा माणसं वर्तमानपत्रं वाचत होती. पुण्यात चार वाजता वर्तमानपत्र वाचणाऱ्या माणसाचं लक्ष वर्तमानपत्रात नसतं, हे त्यांनाही ठाऊक असावं. ते मुकाट्याने माझ्यासमोर बसले आणि पाकीट टेबलावर ठेवून खिडकीबाहेर बघू लागले.

अर्ज घरूनच भरून आणला होता. अक्षर मोत्यासारखं. नाव, श्यामसुंदर मेहेंदळे. राहणार वारजे. व्यवसाय, निवृत्त शिक्षक, विषय भूमिती, अडतीस वर्षे. विरुद्ध पक्ष, 'ऋजुकल्प' गोळ्यांची उत्पादक कंपनी. पहिल्या रकान्यात लिहिलं होतं, 'नव्वद दिवसांत सरळ. जाहिरातीचे कात्रण सोबत.' दुसऱ्या रकान्यात, 'बत्तीस अंशांवरून एक्केचाळीस अंश.' तिसऱ्यात, 'आकृती क्र. १ व तक्ता क्र. १ पाहावा.'

मी आकृती उलगडली. आलेखाचा कागद, टोकदार पेन्सिल, अक्ष तुटक रेषेने दाखवलेला, अ, ब आणि क असे तीन बिंदू. खाली तळटीप होती. 'ब या ठिकाणी कठीण गाठ असून दाबल्यास दुखते.' आकृतीला नाव दिलेलं नव्हतं. पण माझा एकतीस वर्षं संसार झाला आहे आणि मला दोन मुलगे आहेत. नाव विचारायची गरज पडली नाही.

हसू आलं नाही असं म्हणणार नाही. ते मी गिळलं. तेहेतीस वर्षांच्या नोकरीत तेवढं एक कसब हाताशी आलेलं आहे.

"तक्ता कसला?" मी शक्य तितक्या कोरड्या आवाजात विचारलं.

"तेरा रविवारांच्या मोजमापांचा." ते अजून खिडकीशीच बोलत होते. "रविवारी सकाळी घेतलेली आहेत. त्या वेळी... वस्तुस्थिती स्वतःहून स्पष्ट असते. आणि मंडळी भाजी आणायला गेलेली असतात."

"कशाने मोजलंत?"

"कोनमापकाने. दुसरं कशाने मोजणार?" या प्रश्नाने ते पहिल्यांदाच माझ्याकडे वळले. तो चेहरा दहावी ब मधल्या मठ्ठ मुलाकडे बघायचा होता.

मग सर बोलते झाले. रविवारच्या अंकात मागच्या पानावर त्यांनी ती जाहिरात पाहिली होती. 'वाकलेपणाने खचलात? ऋजुकल्प! नव्वद दिवसांत सरळ, अन्यथा पैसे परत.' आणि खाली बारीक अक्षरात, 'पुरुषांसाठी, वैवाहिक आनंदासाठी.' साध्या खाकी खोक्यातून गोळ्या आल्या. रोज दोनदा, दुधाबरोबर. वेष्टनावर ई जीवनसत्त्व, कार्निटीन, अश्वगंधा, केशर आणि 'इतर' अशी यादी होती. इतर म्हणजे काय, असं सरांनी पत्र लिहून विचारलं, तेव्हा ते कंपनीचं गुपित आहे असं उत्तर आलं. सरांनी तरीही नव्वद दिवस एकही गोळी न चुकवता कोर्स पुरा केला. माणूस अर्धा सिद्धांत सोडून उठणाऱ्यांतला नव्हता.

"आणि एक्क्याण्णवाव्या दिवशी एक्केचाळीस," मी म्हटलं.

"एक्केचाळीस." त्यांनी कंपनीचं दुसरं पत्र पुढे केलं. त्यात लिहिलं होतं की गोळी देशी गाईच्या धारोष्ण दुधाबरोबर घेणं अपेक्षित असून आपण पिशवीतलं दूध वापरल्याचं आपल्याच पत्रावरून दिसतं, सबब हमी रद्द होते. तरी आपण खचून न जाता 'ऋजुकल्प गोल्ड' सुरू करावं.

"आता वारज्यात धारोष्ण दूध कुठून आणू? गोठे होते तिथे बारा मजली इमारती आहेत. आणि पैसे मला नकोतच. त्यांनी लेखी द्यावं की त्यांचं विधान असत्य आहे. बस्स."

हा माणूस मला आवडायला लागला होता, हे कबूल करते. म्हणूनच पुढचा प्रश्न विचारला.

"डॉक्टरांना दाखवलंत?"

सर हळूच म्हणाले, "बाई, या शहरातले निम्मे डॉक्टर माझ्या हाताखालून गेलेत. मूत्रविकाराचे तर तिघं. एकाला मी वर्षभर बाकावर उभं केलंय. दुसऱ्याच्या वडिलांना बोलावून घेतलं होतं. तिसरा अजूनही रस्त्यात वाकून नमस्कार करतो. कोणासमोर जाऊ?"

"आणि घरी?"

"घरी नाही सांगितलेलं." त्यांनी खिशातलं एक पेन काढलं, परत ठेवलं. "वासंतीचं, म्हणजे मिसेसचं, गेल्या वर्षी फेब्रुवारीत ऑपरेशन झालं. स्तनाचं. एक बाजू काढावी लागली. आता ती बरी आहे. त्यानंतर पाच महिन्यांनी मला हे सुरू झालं. तिने एवढं सोसलं, त्यात माझं हे कुठे तिच्यापुढे मांडू? मी हॉलमध्ये झोपतो. घोरण्याचं कारण सांगितलंय."

"घोरता?"

"नाही."

मला राग आला. आमच्या ह्यांनी छातीत दुखतंय हे तीन दिवस पित्त म्हणून लपवलं होतं, मला त्रास नको म्हणून. चौथ्या दिवशी ते गेले. तेव्हापासून मला त्रास नको म्हणून काही लपवणाऱ्या पुरुषांबद्दल माझं मत फारसं चांगलं नाही. पण केंद्रात कार्यकर्त्याने सल्ला द्यायचा नसतो, कागद घ्यायचे असतात. मी म्हटलं, "डॉक्टरांच्या दाखल्याशिवाय तक्रार पुढे जाणार नाही. तुम्ही आखलेली आकृती पुरावा होत नाही. घरच्या वजनकाट्यावर आपण कोणाचा दावा चालवतो का?"

हे त्यांना पटलं. इलाज म्हणून डॉक्टरकडे जायला हा माणूस आठ महिने तयार नव्हता, पण दाखला म्हणून लगेच तयार झाला.

जाताना ते थबकले. "पोच घरी पाठवत नाही ना तुम्ही?"

आमच्याकडे तक्रारीची पोच पोस्टकार्डाने जाते. बंद पाकिटाने नाही. ग्राहकाच्या कामात लपवण्यासारखं काही नसतं, या तत्त्वावर आप्पासाहेबांनी हा नियम केला आणि तो एकदाही मोडलेला नाही. मी त्यांना कानाशी जाऊन सांगितलं की ही तक्रार नाजूक आहे, पोच हातात देऊ.

"नाजूक म्हणजे?" आप्पासाहेब गर्जले.

वाचनालयातली पानं उलटायची थांबली.

"काचेचं सामान आहे का? मग तसं कार्डावर लिही. पण कार्ड गेलंच पाहिजे!"

सरांनी माझ्याकडे असं काही पाहिलं की मी त्यांना शब्द दिला, मजकूर मी लिहीन आणि कोणाला काही कळणार नाही. मला माझ्या मजकुराचा फार अभिमान. मी लिहिलं, 'आपली ऋजुकल्प गोळ्यांच्या नव्वद दिवसांच्या कोर्सबाबतची तक्रार क्र. ११४ नोंदवली आहे. वैद्यकीय दाखला जोडावा.' त्यात आक्षेप घेण्यासारखं एक अक्षर नव्हतं. ही माझी चूक होती आणि तिचं खापर मी नियमावर फोडणार नाही.

पुढच्या बुधवारी सर दाखला घेऊन आले आणि दवाखान्यात काय झालं ते त्यांनी मला स्वतःच सांगितलं. त्यांच्यातला आखडलेपणा जरा कमी झाला होता. तिघांपैकी बाकावर उभा केलेला विद्यार्थी त्यांनी निवडला होता. त्याच्याबरोबर निदान हिशोब स्पष्ट आहे, असं त्यांचं म्हणणं. हा डॉक्टर संपत बराटे. वारज्याच्याच गेनबा बराट्यांचा मुलगा. बापाचा भाजीचा मळा होता, आता त्याच जागेवर मुलाचा दवाखाना.

संपतने सर आत येताच खुर्चीवरून उठून त्यांच्या पायाला हात लावला. सरांनी फाईल उघडून आकृती पुढे सरकवली आणि भिंतीवरच्या मूत्रपिंडाच्या तक्त्याकडे बघत बसले.

संपतने आकृती नीट पाहिली. "सर, आकृती एक नंबर. असा पेशंट मला आजवर भेटलेला नाय." मग तो हसला. "दहावीत माझ्या वहीवर तुम्ही लिहिलं होतं, ही रेषा सरळ आहे असं म्हणायचं धाडस कुणी केलं? आठवतंय का?"

"अरे संपत, तेव्हा..."

"नाय सर, मी नाय लिहिणार तसं. चला, तपासू द्या."

तपासून झाल्यावर त्याने सांगितलं ते सरांनी मला पाठ म्हणून दाखवलं. या दुखण्याला पेरोनीचा आजार म्हणतात. आतल्या आवरणात व्रण धरतो, तिथे ते ताणलं जात नाही, म्हणून त्या बाजूला बाक येतो. कर्करोग नाही. शंभरातल्या चार-पाच पुरुषांना होतो आणि त्यातले बहुतेक घरी कोनमापक घेऊन बसतात किंवा जाहिरात वाचतात. ई जीवनसत्त्वाने किंवा कुठल्या गोळीने बाक गेल्याचं कुठेही सिद्ध झालेलं नाही. पहिले काही महिने दुखतं, वाढतं, मग एका जागी थांबतं. ताण देणारं एक साधन मिळतं, ते रोज काही तास, असं कित्येक महिने लावावं लागतं. काहींना त्या गाठीत इंजेक्शनं देतात. संसारात अगदीच अडचण येत असेल आणि बाक बरेच महिने स्थिर राहिला, तर शस्त्रक्रिया.

"पूर्ण सरळ होईल?" सरांनी विचारलं होतं.

"तसं लिहून देणारा माणूस डॉक्टर नसतो सर, ते गोळ्या विकणारे. थोडा कमी होईल, किंवा आहे तितका राहील. अन् आहे तितका राहिला तरी माणसं सुखानं राहतात. काकूंना सांगितलंय का?"

सरांनी मान हलवली.

"मग मी दाखला देतो, पण साधन आज देत नाय. रोज दोन-तीन तास लावायचं असतं ते. हॉलमध्ये पांघरुणाखाली लपवून किती दिवस लावणार? आधी काकूंना सांगा. तुम्हीच म्हणायचा, पहिली पायरी खाल्ली की पुढचं उत्तर बरोबर आलं तरी शून्य मार्क."

सरांनी हे मला कौतुकाने सांगितलं. विद्यार्थ्याला काहीतरी लक्षात राहिलं याचं कौतुक. दाखला माझ्या पुढ्यात ठेवून ते समाधानाने म्हणाले, "आता कंपनीला उत्तर द्यावंच लागेल."

"आणि घरी कधी सांगताय?"

"सांगू. आधी हा निकाल लागू दे."

मी दाखला फाईलला टोचला. जरा जास्तच जोरात टोचला.

शनिवारी त्या आल्या. मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं, पण हातातलं पोस्टकार्ड माझ्या अक्षरातलं होतं. सुती साडी, पदर दोन्ही खांद्यांवरून घट्ट लपेटलेला, मार्च अखेरच्या उन्हातसुद्धा. त्यांनी कार्ड माझ्यासमोर ठेवलं आणि शेजारी वर्तमानपत्राचं एक पान ठेवलं. रद्दीच्या गठ्ठ्यातून शोधून काढलेलं. पानात एक चौकोनी भोक होतं, कारण कात्रण सरांनी आधीच कापून नेलं होतं.

"मी वासंती मेहेंदळे. हे माझ्या मिस्टरांच्या नावाने आलं. ते कॅल्शियमच्या गोळ्या घेतात असं मला सांगत होते. मी शेजारच्यांकडून त्याच दिवसाचा अंक आणून बघितला. पुरुषांसाठी, वैवाहिक आनंदासाठी, असं होतं त्या भोकात." त्या अगदी शांतपणे बोलत होत्या. "आठ महिने झाले, ते माझ्या खोलीत झोपत नाहीत. मग हा आनंद कोणासाठी, एवढंच मला विचारायचंय. तक्रारीत काय लिहिलंय ते मला दाखवा."

फाईल माझ्या डाव्या हाताशी होती. आकृती एकदा त्यांच्यापुढे धरली असती तर सगळं एका मिनिटात मिटलं असतं. पण एकाची तक्रार दुसऱ्याला दाखवायची नाही, हा नियम आप्पासाहेबांचा नाही, माझा आहे. टेलिफोन खात्यात असताना ऐकलेलं मी कधीही पुढे नेलेलं नाही. आणि एकदा मजकुरात शहाणपणा करून मी या बाईंचं घर हलवलेलंच होतं.

"दाखवता येणार नाही," मी म्हटलं. "पण तुम्हाला वाटतं तसं नाही, इतकं सांगते."

"मला काय वाटतं ते तुम्हाला माहीत आहे?"

मी फाईल आणखी जवळ ओढली.

"ऑपरेशन झाल्यावर सगळे म्हणाले, जीव वाचला, आणखी काय हवं. मीही तेच म्हणते. पण हे गादी उचलून बाहेर गेले ना, तेव्हा मला कळलं की त्यांना माझ्याकडे बघवत नाही. मी कपडे बदलताना कडी लावते आता. माझ्याच घरात, छत्तीस वर्षांनी." त्यांनी पदर पुन्हा ओढून घेतला. "बघवत नाही ते मी समजू शकले असते. पण दुसरीकडे जाण्यासाठी गोळ्या? तुम्ही ग्राहकांच्या तक्रारी घेता. बायकांच्या घेता का?"

मला काय सुचलं कोण जाणे. मी कोरा अर्ज काढून त्यांच्यापुढे ठेवला.

"घेतो," मी म्हटलं. "तीन रकाने आहेत."

त्यांनी माझ्याकडे रोखून पाहिलं. मी थट्टा करत नाही याची खात्री झाल्यावर पेन मागितलं आणि दहा मिनिटं खाली मान घालून लिहिलं. जाताना त्या आभार मानायला विसरल्या, मला ते आवडलं. अर्ज मी वाचला, नंबर घातला आणि त्याच दिवशी विरुद्ध पक्षाला पोस्टकार्ड टाकलं. 'आपल्याविरुद्ध तक्रार क्र. ११५ दाखल झाली आहे. पुढील शनिवारी चार वाजता म्हणणे मांडण्यास हजर राहावे.' या वेळी मजकुरात मी काहीच शहाणपणा केला नाही. तक्रारदारालाही तीच वेळ कळवली.

सर चारला आले. कंपनीने उलट दावा ठोकला असं समजून ते पुराव्यांची पिशवीच घेऊन आले होते. समोर बायको बसलेली पाहून ते दारातच उभे राहिले.

"तू इथे?"

"तक्रारदार," वासंतीबाई म्हणाल्या. "बसा."

मी सरांसमोर अर्ज ठेवला. त्यांनी चष्मा लावला आणि तपासायला घेतलेल्या उत्तरपत्रिकेसारखा वरपासून वाचायला सुरुवात केली. विरुद्ध पक्ष, श्री. श्यामसुंदर मेहेंदळे, पत्ता वरीलप्रमाणे. काय कबूल केले होते, 'ऑपरेशनच्या आदल्या दिवशी दवाखान्यात माझा हात धरून म्हणाले, काहीही गेलं तरी तू तीच.' प्रत्यक्षात काय मिळाले, 'पाच महिने कबूल केल्याप्रमाणे. त्यानंतर हॉल.'

तिसऱ्या रकान्यात एकच शब्द होता. 'गादी.'

सरांनी तो पुन्हा वाचला. मग चष्मा काढला आणि तो ठेवायला त्यांना टेबलावर जागाच सापडेना.

"वासंती, हे तुझ्यामुळे नाही."

"मग कोणामुळे? नाव सांगा. मला नाव कळलं की बरं वाटेल."

अडतीस वर्षं मुलांना बोलून बोलून घसा बसवलेला माणूस, एक वाक्य जुळेना. शेवटी माझ्याकडे वळून म्हणाले, "एकशे चौदा द्या."

तक्रारदाराला त्याची फाईल मागायचा हक्क आहे. मी दिली. त्यांनी आकृती काढली, टेबलावर पसरली आणि फिरवून बायकोच्या बाजूला केली. शिक्षकाच्या सवयीने तिच्यावरून हातही फिरवला, कागदाची घडी मोडायला.

वासंतीबाईंनी पाहिलं. छत्तीस वर्षं भूमितीच्या शिक्षकाबरोबर काढलेल्या बाईला आकृती समजावून सांगावी लागत नाही. त्यांची नजर तुटक रेषेवरून गेली, कोनापाशी थांबली, खालच्या तळटिपेवर आली. मला वाटलं आता हसतील, नाहीतर उठून जातील.

"हे अजून दुखतं?" त्यांनी विचारलं.

"आता कमी आहे."

"कधीपासून?"

"जुलै."

"डॉक्टर?"

"संपत म्हणतो, जिवाला धोका नाही. सरळ होईल याची मात्र हमी नाही."

मग त्या पेटल्या. "जुलैपासून! अहो, मी तुम्हाला टाके दाखवले. पट्टी काढली त्या दिवशी आरशात बघायची माझी छाती होत नव्हती, तेव्हा तुम्हाला म्हटलं, तुम्ही आधी बघा आणि मला सांगा. तुम्ही बघितलंत, चौदा टाके मोजून सांगितलेत, सरळ रेषेत आहेत म्हणालात. माझं अख्खं गेलं ते मी तुमच्यापुढे उघडं केलं, आणि तुम्ही माझ्यापासून एक कोन लपवलात? एक कोन?"

"तुला आणखी ताप नको म्हणून..."

"मग काय कमी ताप दिलात? आठ महिने मी स्वतःला काय काय समजत होते, ते कुठल्या तक्त्यात लिहिलंय?" त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि ते त्यांनी पुसलं नाही. "कोनमापकाला दाखवलंत, कंपनीला पत्र लिहून कळवलंत, या बाईंना दाखवलंत. मीच तेवढी परकी."

सरांनी हात पुढे केला आणि आकृतीवर ठेवलेल्या तिच्या हातावर ठेवला. "चुकलं," ते म्हणाले. हा शब्द त्यांनी लोकांच्या वह्यांवर लाखो वेळा लिहिला असेल, स्वतःसाठी तो बहुधा पहिल्यांदाच वापरत होते. मी खिडकीबाहेर बघू लागले, तिथे बघण्यासारखं काही नसतानाही.

"काय झालं एकशे पंधराचं?" आप्पासाहेब कोपऱ्यातून ओरडले. "तडजोड?"

"तडजोड नाही!" वासंतीबाई तितक्याच जोरात ओरडल्या. "आधी गादी आत येईल, मग बघू!"

वाचनालयात कोणीतरी वर्तमानपत्राची घडी घातली.

कंपनीने एकशे चौदाचं उत्तर अखेर दिलं नाही. दोन महिन्यांनी तिचा पत्ता बदलला, गोळ्यांचं नाव बदललं, आणि आता त्याच जागी त्याच चौकटीत साठ दिवसांची हमी येते. आप्पासाहेबांनी तक्रार मंचाकडे पाठवली आहे. तिथे तारखा पडताहेत.

डिसेंबरात केंद्राच्या पत्त्यावर एक पोस्टकार्ड आलं. मोत्यासारखं अक्षर. पोस्टमनने, वाचनालयाच्या शिपायाने आणि बहुधा चारच्या सगळ्या वाचकांनी वाचून झाल्यावर ते माझ्याकडे पोहोचलं. 'स. न. वि. वि. तक्रार क्र. ११४ संबंधी. संपतने दिलेले साधन सहा महिने नियमित वापरले. बाक बहुधा थोडा कमी असावा, नक्की सांगता येत नाही, कारण कोनमापक वासंतीने रद्दीवाल्याला दिले. तक्रार क्र. ११५ संबंधी. गादी आत आहे. खोलीची कडी काढून टाकली. ११५ निकाली काढावी.'

कार्ड उघडंच होतं आणि खाली दोघांच्या सह्या होत्या.